एडिटरचा मेनू आणि यशवंतराव

यशवंतरावांचा कुठल्याही शब्दावर चटकन विश्वास बसत नसे. आधी ते त्याला कामाला लावून बघत. सरकारी दप्तरखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस रोज बगलेत पुठ्ठ्याची फाइल घेऊन आमच्या विद्यानगरच्या ऑफिसात शब्द तपासायला यायचा. मी शब्द उच्चारायचा, त्यांनी फाइलीचं तसं करून दाखवायचं.

नव्वदीनंतर गल्लोगल्ली कॉम्प्युटर आले, तेव्हाची गोष्ट. आम्ही मराठीत लिहायचा एडिटर बनवत होतो आणि मेनूतले शब्द ठरवायचं काम माझ्याकडे होतं. आज मी आजी आहे. तेव्हा संस्कृतची एम.ए. होते. समोरच्याला पटकन कळलं तर आपलं शिक्षण वाया गेलं, असं मानणारी.

"जतन करा," मी म्हटलं. यशवंतराव फाइल छातीशी धरून उभे राहिले.

"किती वेळ धरू, एम.ए.बाई? हात दुखायलेत."

"बरं, ठेवा."

फाइल कपाटात गेली. "हौ! सुटलो."

'अन्यनामे संरक्षित करा' ऐकल्यावर तर ते खुर्चीतच बसले. "नक्को गं बाई. दुसऱ्या नावानं ठेवा म्हण. असलं ऐकून शिपाई रजेवर गेला असता माझा."

भांडण पेटलं ते शेवटच्या प्रश्नावर. लिहिलेलं न ठेवताच कुणी फाइल बंद केली, तर एडिटर विचारणार, 'ठेवायची का?' खाली मी दोन बटणं दिली होती: हो, नाही. त्यांना तिथं 'ठेवा' आणि 'ठेवू नका' हवं होतं.

"हो-नाही कुणाला कळत नाही हो?" मी ठसक्यात विचारलं.

ते फाइल बगलेत मारून उठले. दुसऱ्या दिवशी बायकोला, माईंना, घेऊन आले.

माईंचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यात गेला होता. "चहा घेणार?" मी विचारलं. "नाही," माई म्हणाल्या. यशवंतरावांनी तरी कप पुढे केला. नवरे मेले असेच, मी मनात म्हटलं. माईंनी चहा चवीनं संपवला.

मग डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी सिकंदराबादच्या बहिणीला पत्र लिहिलं. तास लागला. बंद करताना प्रश्न आला. माईंनी 'नाही' दाबलं. पत्र पुसलं गेलं. त्या रिकाम्या स्क्रीनकडे बघतच राहिल्या.

"झटक्यापासून तिचं हो-नाही उलटं होतं," यशवंतराव हळूच म्हणाले. "बाकी सगळं वाचते, समजते. मला कळतं तिचं. पण मशीनला कोण सांगणार? अन् मी नसलो म्हणजे?"

माझी एम.ए. मुकाट्यानं बटणं बदलायला बसली.

माईंनी पत्र पुन्हा लिहिलं. या वेळी यशवंतराव जिन्यात जाऊन पाठ करून उभे राहिले, मदतीचा मोह नको म्हणून. प्रश्न आला. माईंनी वाचला, 'ठेवा' दाबलं. मी हाक मारली तसे धावतच आले.

"काय लिहिलंस? उघडून दाखव की!"

माईंनी कीबोर्डवर हात आडवा ठेवला.

"बघितलंस का गं, एम.ए.बाई?" आनंदानं यशवंतरावांचा आवाज चिरकला. "माझ्यापासून लपवायली!"