साडेसत्तावीस आणि एकोणतीसच्या मधलं चाक

दुष्काळ पडला, गुरं चारा छावणीवर गेली आणि गावातल्या दूध संस्थेचं संध्याकाळचं संकलन बंद झालं. त्यामुळे संस्थेचा सेक्रेटरी शहादेव याला तिन्हीसांजेला करायला काही उरलं नाही. मोबाइल चाळता चाळता त्याला डोंगरात चालवायच्या गिअरच्या सायकली दिसल्या, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

तसा त्याचा हेतू चांगला होता. धारूरजवळच्या डोंगरावर असलेल्या त्यांच्या वस्तीपर्यंत टँकर चढत नसे. उताराखाली, सडकेलगतच्या टाकीत पाणी ओतून तो निघून जाई. शहादेवची बायको वत्सलाबाई रोज सकाळी जुन्या काळ्या सायकलीला कॅन अडकवून खाली जाई आणि भरलेली सायकल ढकलत चढ चढून येई. सायकल तिच्या वडिलांची, दादांची. तिला घामाघूम होऊन येताना पाहिलं की शहादेवला अपराध्यासारखं वाटे. आपणच जाऊन पाणी आणावं, हे मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं.

"तुला गिअरची सायकल करून देतो," तो म्हणाला. "बसून चढशील चढ."

"मी कदी मागितली?"

"मागायची कावून? मला दिसतंय की."

अख्खी सायकल झेपणारी नव्हती. म्हणून नुसती फ्रेम मागवायची आणि चाकं जुन्या सायकलीची घालायची, असं ठरलं. ठरवणारा अर्थात शहादेवच. लेकीसाठी स्थळ बघावं तशा त्याने फ्रेमा पाहिल्या. एक फार बुटकी, एकीत सव्वीसशिवाय दुसरं चाक जात नव्हतं. शेवटी मनासारखी सापडली. तिच्यात साडेसत्तावीस इंची चाक बसे आणि एकोणतीसचंही बसे. घरचं चाक होतं अठ्ठावीसचं.

धारूरच्या बाजारात सायकली दुरुस्त करणाऱ्या आसारामलाही हे पटलं. "धाकटं बसतंय, थोरलं बसतंय, मंग मधलं कुठं जातंय, सेक्रेटरीसाहेब?"

फ्रेम आली त्याच दिवशी शहादेवने जुन्या सायकलीची चाकं काढली. उरलेला सांगाडा दारात कशाला, म्हणून तो भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याचा गाडा सिरसाळ्याच्या वाटेला लागला. वत्सलाबाई तो वळणाआड जाईपर्यंत दारात उभी होती.

"चाक बसवून बघितल्यावर दिला असता, तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली.

दुकानात चाक बसेना. टायर फ्रेमच्या आडव्या पट्टीला घासत होता. "हवा सोडू," आसाराम म्हणाला. हवा सोडली तरी घासतच होता. "पट्टी कापू." पट्टी कापली. मग कळलं की फ्रेमचे मागचे दोन पाय फाकलेले आहेत आणि चाकाचा आस मध्ये लटपटतोय. "दाबून घेऊ," आसाराम म्हणाला, आणि त्याने हातोडा उचलला.

चौथ्या घावाला फ्रेम कडकन वाजली. आसारामने तिचा नाद सोडून चाकच लहान करायला त्याच्या तारा आवळल्या, तेव्हा चाक पापडासारखं वाकलं.

शहादेवने बीडच्या एका सायकल दुकानदाराला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. "काका, जुन्या अठ्ठावीसची रिम एकोणतीसपेक्षा मोठी असते. नुसता आकडा बारीक हाय."

"अठ्ठावीस एकोणतीसपेक्षा मोठं?" उभी हयात बेरजा करण्यात गेलेल्या शहादेवने विचारलं.

"सायकलीत मोठंच."

तो तसाच सिरसाळ्याला धावला. भंगारवाल्याचा माल ट्रकमध्ये भरून गेला होता.

दुसऱ्या सकाळी शहादेव खांद्यावर कावड घेऊन उतारावर निघाला. वत्सलाबाईच्या डोक्यावर घागर होती. परतताना अर्ध्या चढात त्याला दम लागला. दोघं दगडावर टेकली.

"तुझ्या दादांची आठवण व्हती ती," तो खाली मान घालून म्हणाला. "मला वाटलं, तुझा चढ हलका होईल."

"चढाचं मला काय न्हाई वाटायचं," वत्सलाबाई म्हणाली. "जाताना मी बसायचे."

"कशावर?"

"सायकलवर! जाताना कॅन रिकामे असायचे. रस्त्याला कुणी न्हाई. पदर खोचायचा अन् द्यायची सोडून. लई गार वारं लागायचं." ती खालच्या वळणाकडे बघत राहिली. "दिवसभरात तेवढंच व्हतं माझं."

आजवर शहादेव तिला फक्त वर येतानाच पाहत आला होता.

"आसारामला सांगतो," तो म्हणाला. "तसलीच काळी सायकल कुणाची असंल तर बघू."

"बघा. पर ब्रेकवाली बघा."

"म्हंजी?"

"दादांच्या सायकलीला ब्रेक कुठं व्हते?"

शहादेवने उताराकडे पाहिलं. वळणापलीकडची दरी त्याला एकदम फार जवळ दिसू लागली.

"मंग तू थांबायचीस कशी?"

"चपला घासून," वत्सलाबाई घागर उचलत म्हणाली. "तुमच्या."