खिशातली बडगी

"मनी बडगी कोठे शे?"

झुंबरबाईंचा आवाज स्वयंपाकघरातून निघाला तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आला. अंगणात कपाशीच्या वाळक्या पराट्यांच्या जाळावर असोद्याची वांगी भाजून, सोलून तयार होती. ती ज्यात ठेचायची ती बडगी मात्र जागेवर नव्हती.

बडगी म्हणजे अंजनाच्या लाकडाची, नावेसारखी कोरलेली लांबट काठवट. झुंबरबाई लग्न होऊन जळगावात आल्या तेव्हा ती सासूच्या हाताखाली होती. पुढं पन्नास हिवाळे तेल, मिरची आणि धूर पिऊन ती काळीभोर झाली. तिच्यातल्या भरताचं नाव धुळ्यापर्यंत होतं, निदान झुंबरबाई तरी तसं सांगत. आज शिरपूरहून प्रेमराज नाना मुलाला, नीलेशला, घेऊन नूतनला बघायला यायचे होते. निरोप झुंबरबाईंनीच धाडला होता, "पोहे खायला येऊ नका. भरीत खायला या. बडगीतलं."

"हितेंद्र!"

हितेंद्र म्हणजे त्यांचा मुलगा, नूतनचा बाप. कचेरीत कारकून आणि घरी चाकू-घड्याळांचा शौकीन. खिशात घडी करून मावणारे तेवीस चाकू त्याच्याकडे होते, पण कांदा चिरायचा तर घरात विळीच शोधावी लागे. घड्याळं अकरा, आणि अकरांत एकमत नाही. चांगल्या चाकूची मूठ काढायची, दुसरी बसवायची. धड घड्याळाचा पट्टा बदलायचा, तबकडी बदलायची. मग फोटो काढून मोबाइलवरच्या आपल्यासारख्याच मंडळींना दाखवायचे. एवढं करून तो दमायचा.

"आई, ती आठ-आठ महिने पलंगाखाली उपडी पडलेली असते..."

"तू बी रोज पलंगवर उपडा पडेल ऱ्हास. तुले कधी कापं का मी?"

'कापं' हा शब्द तोंडातून गेला आणि झुंबरबाईंना उत्तर आपोआपच कळलं. त्या मटकन पाटावर बसल्या.

"कापली नाही गं, वापरली," हितेंद्र म्हणाला. वर थोडा अभिमानही होता. "असं मुरलेलं लाकूड आता कुठं मिळतं? पाच चाकूंच्या मुठी निघाल्या."

"आन् ठेचानी मुसळी?"

"मुसळी गोल आहे. तिच्या मुठी नीट निघत नाहीत."

"देवनी किरपा! नहीतं तीबी गयी व्हती!" झुंबरबाईंनी तीच मुसळी उचलली. "तुना बापनं जलमभर एकच चाकू वापरा, तोबी मन्या हातना! पाव्हणा कवय येतीन?"

हितेंद्रनं मनगट पाहिलं. आजचं घड्याळ जुनं, चावीचं होतं, त्याला निळी तबकडी आणि नवा पट्टा त्यानंच चढवला होता. "निवांत कर. अजून तास आहे."

दाराशी गाडीचा हॉर्न वाजला.

"आई, मिक्सर..." सुलक्षणा, सून, हळूच म्हणाली.

"मिक्सर? त्या भिंगरीमा मनं भरीत?" झुंबरबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की तिनं पदर सावरला. पण बैठकीत चपला काढल्याचा आवाज आला आणि झुंबरबाईंना युक्ती सुचली. घरचा मिक्सर फिरवला तर पाहुण्यांना ऐकू जाणार. "मागना दारथीन यशोदाबाईकडे जाय. तिना मिक्सर फिरव. आन् कोनले एक शब्द बोलनी, ते..."

सुलक्षणा वांगी घेऊन पळाली. झुंबरबाईंनी रिकामा पाट पुढं ओढला आणि संतापानं मुसळी हाणली. धप्प! धप्प! प्रत्येक घाव हितेंद्रच्या नावाचा होता.

बैठकीत प्रेमराज नानांनी डोळे मिटले. "हाऊ आवाज! मनी माय गयी, तवयपासून ऐका नव्हता."

पंगत बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि भरीत. नानांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली.

"अक्का, याले म्हनतस भरीत! अशी चव मिक्सरमा येस का कधी?"

सुलक्षणाला ठसका लागला. झुंबरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नास वर्षं मनगट मोडून ठेचलं तेव्हा कुणी अशी मान डोलावली नव्हती, आणि शेजारणीच्या भिंगरीला हा मान! पण नातीचं स्थळ होतं. त्या गोड हसल्या. ते हसणं त्यांना जड गेलं.

तेवढ्यात नानांनी पात चिरायला खिशातून चाकू काढला. काळी, तुकतुकीत मूठ. मुठीवर अर्धचंद्रासारखा एक डाग. हितेंद्रच्या बारशाच्या दिवशी बडगीवर निखारा उडाला होता, त्याचा तो डाग झुंबरबाई अंधारातही ओळखत.

"वास ल्या अक्का, वास!" नानांनी चाकू पुढं केला. "अंजन शे. मोबाइलवर एक शौकीन भेटना, नाव-गाव नही सांगं त्यानी. मना बापनं चावीनं घड्याळ त्याले दिधं, तवय बदलामा हाऊ चाकू भेटना." मग आवाज उतरवून, "घड्याळ तासभर मागे चालस. ते काही मी त्याले सांगं नही."

हितेंद्रचा डावा हात हळूहळू ताटाखाली निघाला होता. नानांनी तो वाटेतच पाहिला. तबकडी नवी, पट्टा नवा, पण घड्याळाच्या काठावरचा पोचा जुनाच होता.

"हाई ते मना बापनं घड्याळ!"

"आन् हाई मन्या सासूनी बडगी!" झुंबरबाई उभ्याच राहिल्या. सकाळपासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "नाना, मानपान नको, साडी नको, काही नको. पोरगी पसंत पडनी तरी आन् नही पडनी तरी, मना तेवढा चाकू परत द्या!"

नानांनी चाकू मिटला, खिशात टाकला आणि वर हात ठेवला. "पोरगा मांगा अक्का. घरजावई करी ठेवा. चाकू नही."

नीलेशनं बापाकडे पाहिलं. दाराआड नूतन खुदकन हसली. नानांनी पुढचा घास उचलला, आणि तो तोंडाशीच थांबला.

"पन अक्का, बडगी मन्या खिशामा शे. मंग तुम्ही मगाशी धप्प-धप्प काय ठोकी राहिन्यात?"

सुलक्षणा पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली. हितेंद्रनं घड्याळ पाहिलं, त्याचा काही उपयोग नव्हता. झुंबरबाईंनी पदर खोचला, मान ताठ केली आणि खाली बसल्या.

"ऱ्हाऊ द्या तो चाकू तुमनापान," त्या म्हणाल्या. "सुलक्षणा, बघत काय बसनी? व्याहीले भरीत वाढ."

नानांनी खिशावरचा हात काढून ताट पुढं सरकवलं.