तिसऱ्या सिलिंडरची हिरवी पुडी

आमच्या घरात गाडीचं बॉनेट मीच उघडते. माझा नवरा थ्येन-फू बँकेत नोकरीला. बॉनेट कुठलं आणि डिकी कुठली, हे त्याला सामान ठेवायची वेळ आली की कळतं. मी मात्र आमच्या चांगह्वा शहरात मोज्यांच्या कारखान्यात विणकामाची यंत्रं दुरुस्त करते. नुसत्या आवाजावरून सांगते, कुठली सुई वाकली आहे ते! आमच्या मुलाच्या, युआन-खायच्या लग्नाची बोलणी चालली होती. विहीणबाई म्हणाल्या, वरातीला सहा गाड्या भाड्याने घेऊ. मी छाती पुढे काढून सांगितलं, की पाच गाड्या मुलाचे मित्र आणतील आणि सहावी आमची घरची. माझ्या हाताखालची गाडी आहे, एकवेळ मला धाप लागेल, तिला लागणार नाही.

विहीणबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

"माझ्या थोरलीच्या वरातीत एक गाडी वाटेत बंद पडली होती," त्या म्हणाल्या. "का बंद पडली, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत पोरगी माहेरी परत आली. तुमची गाडी थांबली, तर मी पेइ-रूला खाली उतरवून घरी नेईन. राग मानू नका."

राग कसला मानणार! आमचा युआन-खाय पस्तिशीला टेकलेला, चार शब्द बोलायचे तर कान लाल होणारा. पेइ-रूसारखी हसतमुख मुलगी त्याला आपणहून हो म्हणाली, हेच नवल. ती गेली की संपलंच सगळं.

आणि त्याच आठवड्यात गाडी खोकायला लागली.

मी प्लग काढून पाहिले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळाकुट्ट आणि पेट्रोलने ओलाचिंब. प्लग गेला, त्यात काय एवढं! नवा घातला. गाडी सुरू झाली, शिवणयंत्रासारखी चालली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की बॉनेटखाली ठेवलेली हिरवी पुडी जुनी झाली आहे.

आमच्याकडे यंत्र म्हटलं की त्याच्यावर खाऊची हिरवी पुडी आलीच, त्याने शहाण्यासारखं चालावं म्हणून. नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ. कारखान्यात माझ्या प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर एकेक आहे. पुडी हिरवीच हवी, पिवळी ठेवली तर यंत्र रुसतं. तारीख उलटलेली चालत नाही. आणि मुख्य म्हणजे ती कुणी खायची नाही. फोडली की तिचा गुण गेला. मी ताजी पुडी ठेवली आणि हात धुतले.

काही दिवसांनी परत तेच. खोकला, धक्के, तिसरा प्लग काळा. बॉनेटखालची पुडी पाहिली तर फाटलेली, निम्मी रिकामी! नवा प्लग घातला, नवी पुडी ठेवली, गाडी लगेच सुरळीत. थ्येन-फू म्हणाला, गॅरेजमध्ये दाखवू या. मी म्हटलं, गरज नाही, रोग कळला आहे. कुणीतरी पुडी खातंय.

आता बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत, आणि किल्ली घरात. म्हणजे चोर घरातलाच. थ्येन-फूला बॉनेट उघडता येत नाही, आणि युआन-खाय स्वतःच्याच लग्नावर धोंडा घालणार नाही. राहिले मामंजी. डॉक्टरांनी त्यांचं अरबट-चरबट खाणं बंद केलेलं, आणि ते रोज सकाळी अंगणात गाडीच्या शेजारीच स्टूल टाकून बसायचे. त्यांच्या चपलांपाशी चुराही दिसला! पुरावा आणखी काय हवा?

जेवताना मी शक्य तितक्या गोड आवाजात विषय काढला. "मामंजी, तुम्हाला खाऊ हवा असेल तर मला सांगा. पण गाडीतला खाऊ नका, युआन-खायच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"मी नाही खाल्ला," मामंजी म्हणाले.

"मग काय गाडीने खाल्ला?"

मामंजींनी काड्या खाली ठेवल्या, वाडगा उचलला आणि आपल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. थ्येन-फू दोघांच्या मध्ये निरोप्यासारखा खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून खोलीत हिंडायचा. मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण लग्न तोंडावर आलं होतं आणि माझा जीव तिसऱ्या सिलिंडरमध्ये अडकला होता.

कारण प्लग जायचा थांबेना! जाड टोकाचा घातला, महागाचा घातला. पुडी बदलली की गाडी चालायची, पुडी फाटली की बंद. इतका सरळ हिशोब, तरी थ्येन-फूला पटेना. तो म्हणाला, पुडीबरोबर तू प्लगही बदलतेस, त्या वेळी वायरही ओढतेस-ढकलतेस. मी म्हटलं, तू बँकेचं बघ.

लग्नाच्या दिवशी मी कुठलीही कसूर ठेवली नाही. बॉनेटखाली कोपऱ्याकोपऱ्यात दडवून पाच पुड्या ठेवल्या आणि सहावी माझ्या पर्समध्ये, म्हणजे आकडा सम झाला; आमच्याकडे शुभकार्यात विषम आकडा चालत नाही. बॉनेटवर लाल फीत बांधली. मामंजी नवा कोट घालून मागच्या सीटवर बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

निघालो. पाच गाड्या पुढे, शेवटची आमची, स्टिअरिंगवर मी. पूल ओलांडला आणि पहिला धक्का बसला. मी मनातल्या मनात गाडीची विनवणी करू लागले, बाई गं, आजच्या दिवस, मग तुला हवं ते तेल घालीन! दुसरा धक्का, तिसरा. सिग्नलला मी पाय ऍक्सिलरेटरवरून काढलाच नाही. शेजारच्या स्कूटरवाल्याला वाटलं, म्हातारी शर्यत लावतेय. कशीबशी विहीणबाईंच्या दारात पोचलो. तिथे गाडीने एक मोठा खोकला काढला आणि गप्प झाली. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही.

आतले विधी आटोपून पेइ-रू बाहेर आली. सगळे गाड्यांत बसायला निघाले, आणि विहीणबाई सरळ माझ्यापाशी आल्या.

"उघडा," त्या म्हणाल्या.

मी बॉनेट उघडलं. आतून एक लठ्ठ उंदीर निघाला, आमच्या दोघींकडे पाहून क्षणभर थांबला, आणि विहीणबाईंच्या बुटांवरून उडी मारून गटाराकडे पसार झाला. मागे पाच फाटक्या पुड्या, आणि इंजिनच्या पाठीमागे, जिथे मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं, तिथे तिसऱ्या प्लगची कुरतडलेली वायर, आणि आज तर शेजारच्या वायरीही. ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नव्हती. प्लग बिचारे ओले होऊन मरत होते, आणि मी दर वेळी नवा प्लग घालून उंदराला नवं जेवण वाढत होते!

पेइ-रूचा चेहरा उतरला होता. युआन-खायचे कान लाल झाले होते. मला रडूच यायला लागलं.

"पुड्या कुणी ठेवल्या?" विहीणबाईंनी विचारलं.

"मी."

त्यांनी वाकून त्या वायरचं कुरतडलेलं टोक बोटाने चाचपलं. मग म्हणाल्या, "थोरलीच्या वेळी नुसतं बंद पडलं. कारण सापडलंच नाही, म्हणून मी रात्र रात्र जागले. इथे कारण डोळ्यांनी दिसलं. हा अपशकुन नाही, हा उंदीर आहे. चला, उशीर होतोय."

पण उरल्या गाड्या पाच! विषम आकडा, आणि एक कमी केली तर चार. चाराचं तर नावही काढायला नको, आमच्या भाषेत त्याचा उच्चार मरणासारखा. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचा ट्रक आला, बंद गाड्या पाठीवर घालून नेणारा. त्याला लाल फीत बांधली आणि आमची गाडी वर चढवली. त्यावर कुणीतरी म्हणालं, आता सात झाल्या. विहीणबाईंनी निकाल दिला, की जिची चाकं रस्त्याला टेकत नाहीत ती गाडी धरायची नाही.

फटाके उडाले. माहेरचा हट्टीपणा मागे सोडायचा म्हणून पेइ-रूने रिवाजाप्रमाणे खिडकीतून पंखा टाकला, आणि ती हसली. मुलगी माहेरी परत येऊ नये म्हणून विहीणबाईंनी मागे पाणी ओतलं आणि डोळे पुसले. वरात निघाली.

ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, मी, आणि मध्ये मामंजी. मला त्यांच्याकडे बघवेना. "मामंजी, चुकलं माझं," मी म्हटलं. त्यांनी हात पुढे केला. मी पर्स उघडली आणि शेवटची पुडी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती फोडली, एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"अगदीच पांचट," मामंजी म्हणाले. "असल्या खाऊसाठी मला चोर ठरवलंस होय?"

आणि घर येईपर्यंत त्यांनी सगळी पुडी संपवली. डॉक्टरांचं नाव काढायची माझी काही हिंमत झाली नाही.