तूरबाईचा घरजावई

एका जंगलात, पण वर नाही, पार मातीच्या आत, ही गोष्ट घडली. वाघ-सिंहांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्यात. आज जिवाणूंची ऐका. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांना स्वभाव नसतो असं समजू नका.

तिथे एक रानतूर होती. तिला कळ्या आल्या होत्या, पण पानं पिवळी पडत चालली होती. शेंगांत दाणे भरायला नत्र लागतं. हवेत ते ढीगभर असतं, पण तुरीला काही घेता येत नाही. हवेतून ते काढून देतो जिवाणू. त्याबदल्यात तूर त्याला मुळावर गाठीची खोली देते आणि बसवून जेवू घालते. थोडक्यात काय, तर घरजावई.

गांडूळमामांनी दोन स्थळं आणली, राबोबा आणि चाटोबा.

"राबोबा नत्र काढण्यात पटाईत आहे," मामा म्हणाले. "त्याचा भाऊ पलीकडच्या तुरीकडे दिलाय. तिच्या फांद्या बघ, शेंगांनी वाकल्यात."

"मग दाखव की रे काढून," तूरबाई म्हणाली.

"उघड्यावर नाही जमत, बाई," राबोबा ओशाळून म्हणाला. "वारा लागला की काम बिघडतं. आत घ्या, मग बघा."

"आधी आत घ्या, मग बघा? अगं बाई! आमच्या मुळात अशी पद्धत नाही."

पद्धत होती पंगतीची. मुळातून पाझरणारे रस वाढायचे. जो पान चाटूनपुसून लख्ख करील, तो जावई. ज्याला खाता येतं त्याला कामही येतं, असं तिच्या घराण्यात सगळे मानत होते. कामाची परीक्षा घ्यायची म्हणजे त्रास फार, नाही का?

पहिल्यांदा साखर वाढली. दोघंही जेवले. मग आंबट रस आला. राबोबाला तो पचेना, त्याने हात आखडला. शेवटी आलं एक कडू, चिकट काहीतरी, जे तूरबाईलाही धड ओळखता आलं नसतं.

"वा! हाताला काय चव आहे, सासूबाई!" म्हणत चाटोबाने तेही फस्त केलं.

जिवाणू पोटभर जेवला की त्याचे दोन होतात, दोघांचे चार. बघता बघता सगळ्या मुळाभोवती चाटोबाचेच भाऊबंद झाले. राबोबा उपाशीपोटी कडेला ढकलला गेला. चाटोबा खोलीत शिरला आणि दार लागलं.

"जावईबापू, नत्र?" तूरबाईने विचारलं.

"जरा बूड तर टेकू द्या."

तिने आणखी साखर पाठवली. पानांतली पाठवली, खोडातली पाठवली. कळ्यांची फुलं झाली. तिने पुन्हा विचारलं.

"खोली जरा कोंदट आहे, सासूबाई. आणि ते कडू परवा मिळालं नाही."

मामा कळवळले. "अगं, बाहेर राबोबा अजून जीव धरून आहे. दुसरी गाठ बांध, त्याला घे."

"बांधते," तूरबाई म्हणाली. मामांचा जीव भांड्यात पडला. "पण पंगत होईल हं. नियम म्हणजे नियम. आणि वाढप बघायला जावईबापूंचा भाऊ बसेल. खाण्यातलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

पंगत झाली. राबोबाच्या पानापर्यंत साखर पोचलीच नाही. तो तिथेच भुकेने गेला. वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. चाटोबाच्या भावाने मात्र ढेकर दिली.

शेंगा धरल्या, पण पोकळ निघाल्या. फक्त एकीत एक सुरकुतलेला दाणा होता. वाळता वाळता तूरबाईने त्याला जवळ घेतलं.

"बाळा, माझं एक चुकलं," ती म्हणाली. दाणा कान देऊन ऐकू लागला. "मी पाहुणचारात कमी पडले. तू मात्र जावयाला पोटभर वाढ."

तात्पर्य: मुलांनो, काम शिकण्यात उमेद वाया घालवू नका. आधी वाटेल ते पचवायला शिका. एकदा खोली मिळाली की उपाशी ठेवल्याबद्दल माफी मालकीणच मागते.