पूर्वीप्रमाणेच लोभ असावा

"नगरच्या दिल्लीगेटपासून ते अमेरिकेत जे कुठलं गेट असेल तिथपर्यंत, सगळ्या सायबर गुन्हेगारांना माझा धसका आहे," जालिंदर सांगत होता. "माझी नजर ससाण्याची, कान सशाचे आणि मेंदू... मेंदूला अजून उपमा सापडलेली नाही."

सापडणारही नाही, असं दिशाला वाटलं. राळेगणजवळच्या त्या दूध संस्थेत ती कॉम्प्युटर सांभाळायची, आणि अध्यक्ष आप्पासाहेबांनी तिला नगरहून आलेल्या या गुप्तहेराच्या हाताखाली दिलं होतं. मागे राहात्याच्या बाजारातून पेरूंचा टेम्पो गायब झाला, तेव्हा याच जालिंदरने तपास केला होता. टेम्पो पंक्चर काढायला गेला होता आणि पंक्चर निघाल्यावर आपणहून परत आला. जालिंदरच्या कार्डावर मात्र तो 'शोधून काढला' असं छापलेलं होतं.

या खेपेचं प्रकरण स्पॅमचं होतं. संस्थेच्या मेलवर लॉटऱ्या, टकलावर केस उगवणारी तेलं आणि परदेशात वारलेले श्रीमंत चुलते यांचा असा लोंढा यायचा, की त्यात पुण्याच्या मिठाईवाल्याची खव्याची ऑर्डर वाहून गेली. आप्पासाहेबांनी दिशाला बोलावून घेतलं. "पोरी, आनखी एक ऑर्डर गेली तर मला संचालक मंडळापुढं कुनाचं तरी नाव घ्यावं लागंल. आन् मेल तर तूच बघती." नोकरी गेली असती तर पारनेरहून रोज एसटीत उभं राहून येणं वाचलं असतं, पण घर चालायचं थांबलं असतं. दिशाला रात्री झोप येईना.

मेल सांभाळणारं जुनं सॉफ्टवेअर काढू आणि स्पॅम गाळणारं नवं घेऊ, हा उपाय तिने सकाळी सुचवला. जालिंदरने तो दुपारी स्वतःचा म्हणून जाहीर केला आणि घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला आल्यासारखा सॉफ्टवेअर निवडायला बसला. पहिलं फुकट होतं, म्हणून संशयास्पद. दुसरं महाग होतं, म्हणून जास्तच संशयास्पद. तिसऱ्याच्या चिन्हावरचं घुबड त्याच्याकडे बघत होतं म्हणे. शेवटी दिशाने फुकटवालंच बसवलं, कारण ते चांगलं होतं आणि जालिंदर तेव्हा जेवायला गेला होता.

जुने मेल नव्या सर्व्हरवर हलवून झाले. "आता पत्ताही बदला," जालिंदर म्हणाला. "जुना शत्रूला तोंडपाठ आहे. बाकी शिष्टाचाराचं मी बघतो."

नव्या पत्त्यावर सुरुवातीला इतकी शांतता होती, की सचिव रंगनाथरावांनी वाकून वायर निघालीय का ते पाहिलं. मग एका सकाळी सगळे चुलते पुन्हा वारले.

"फितुरी," जालिंदर पुटपुटला. पहिला संशय शेजारच्या गावातल्या डेअरीवर गेला, पण तिथे अजून मेलच नव्हता. दुसरा रंगनाथरावांवर. "तेलाच्या जाहिराती कुणाला येतील? ज्याला टक्कल आहे त्याला." रंगनाथरावांनी दिवसभर टोपी काढली नाही. मग जालिंदरने 'योजना', 'अनुदान' आणि 'अध्यक्ष' हे शब्द असलेले मेल अडवले. स्पॅम येतच राहिला, सरकार आणि आप्पासाहेब तेवढे बंद झाले.

शेवटी मंडळाच्या बैठकीत त्याने दिशाकडे बोट दाखवलं. "नवा पत्ता पहिल्या दिवशी दोघांनाच माहीत होता. मला आणि हिला. मी स्वतःला चांगला ओळखतो."

आप्पासाहेब जमिनीकडे बघत राहिले.

कोपऱ्यात संचालिका भागीरथीबाई चहा पीत बसल्या होत्या. सभेत त्या सही करायच्या आणि चहा प्यायच्या, बोलायच्या क्वचितच. "मी काय म्हनते," त्या म्हणाल्या, "मानूस नव्या घरात गेला की पत्ता कळवतो. तुमी कुनाला कळवला का न्हाई?"

"सगळ्यांना," जालिंदरने छाती पुढे काढली. "जुन्या मेलवर ज्याने एकदा जरी पत्र टाकलं, त्या प्रत्येकाला. 'आमचा पत्ता बदलला आहे, पूर्वीप्रमाणेच लोभ असावा.' एकही सुटला नाही."

"त्या तेलवाल्याला बी?"

"बाई, शिष्टाचारात भेदभाव नसतो."

आपण ज्याला पत्र टाकतो त्याला नवं सॉफ्टवेअर ओळखीचा समजून आत सोडतं, हे दिशाच्या आत्ता लक्षात आलं. रंगनाथरावांनी सावकाश टोपी काढली.

"मीच म्हनलं हुतं त्याला, सगळ्यांना कळवा म्हनून," आप्पासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "हापिस मारुतीच्या देवळापासून हिकडं आनलं, तवाबी आपुन सगळ्यांना कळवलं हुतं. संस्थेची रीतच हाय ती." मग ते दिशाकडे वळले. "पोरी, चुकलं आमचं. आता पत्ता तूच बदल, आन् कुनाला कळवायचा त्ये बी तूच ठरव."

दिशाने त्याच दिवशी पुन्हा पत्ता बदलला आणि कामाच्या लोकांना तेवढं फोन करून सांगितलं. मिठाईवाल्याची ऑर्डर आली ती तिला एका नजरेत दिसली, आणि खूप दिवसांनी ती एसटीत उभ्या उभ्या झोपली.

जालिंदरने नवा पत्ता रंगनाथरावांकडून काढला, हा मात्र त्याच्या आयुष्यातला पहिला यशस्वी तपास. त्याने लगेच मेल टाकला: 'अभिनंदन! गुन्हेगार सुरुवातीपासून तुमच्याच ऑफिसात बसला होता, हे माझ्यामुळेच उघड झालं.' नव्या सॉफ्टवेअरने तो उचलून थेट चुलत्यांच्या पंगतीत नेऊन बसवला. दिशाने पाहिला आणि तिथेच राहू दिला.