दोन मेहुण्यांचं फ्रेमवर्क

"भावजी, तुमचं फ्रेमवर्क म्हणजे बदली झालेल्या माणसाचं बिऱ्हाड आहे. एक पान उघडायचं तर अख्खा ट्रक उतरवावा लागतो!"

"आणि तुमचं काय हो, मेहुणे? दार हवं, शोधून आणा. कडी हवी, शोधून आणा. घरात शिरेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा!"

एक सासऱ्यांचा मुलगा, दुसरा जावई. दोघेही त्यांच्याच कंपनीत, म्हणजे घराच्या वरच्या मजल्यावर, वेबसाइट बनवत. आजवर दातांचे दवाखाने आणि मोटार शिकवणारे क्लास यांच्यावर भागलं होतं. आता एका मालकीणबाईंना आपल्या फर्निचरच्या सगळ्या दुकानांसाठी अवाढव्य वेबसाइट हवी होती. हे काम हातचं गेलं, तर कंपनीला टाळंच लागणार होतं. पण वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर उभारायची, त्या फ्रेमवर्कवरच घोडं अडलं होतं. जावयाच्या फ्रेमवर्कमध्ये सगळं आयतं मिळायचं, मुलाचं हलकंफुलकं, लागेल तेवढंच घ्या असं.

शेवटी मुलीने, म्हणजे एकाच्या बायकोने आणि दुसऱ्याच्या बहिणीने, तोडगा काढला. "दोघांनी नमुन्याचं एकेक पान करा. पण एकमेकांच्या फ्रेमवर्कमध्ये. बाई येतील तेव्हा दोन्ही दाखवू."

दोघांनीही तत्काळ होकार दिला. तिथेच घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं. दुसऱ्याच्या फ्रेमवर्कचं वाटोळं करून दाखवायची एवढी चांगली संधी पुन्हा कुणाला मिळणार?

मुलाने लॉगिनपाशी अडकायचं ठरवलं. तर लॉगिन तयारच होतं. मग तो शोधखिडकीवर विसंबला, तर तीही तयार. बिचाऱ्याला अडकायला जागाच मिळेना. तिकडे जावयाने हलक्याफुलक्या पानावर सोफ्यांच्या फोटोंचा डोंगर रचला. पानाला धाप म्हणून लागेना. त्याने कपाटं घातली, पलंग घातले. पान आपलं चुटकीसरशी उघडायचं. संध्याकाळी जेवताना एकमेकांच्या फ्रेमवर्कला नावं ठेवायचंही दोघे विसरले.

बाई आल्या, त्यांनी दोन्ही पानं पाहिली. सासऱ्यांनी पंखा त्यांच्याकडे वळवला आणि मुलाला म्हणाले, "हं, सांग कोणतं फ्रेमवर्क चांगलं."

"भावजींचं," मुलगा खाली मान घालून म्हणाला.

सासऱ्यांना गहिवरून आलं. एवढा समजूतदारपणा त्यांच्या घराण्यात कुणी दाखवला नव्हता.

"छे छे, मेहुण्यांचंच," जावई म्हणाला.

"काहीतरीच काय! तुमच्यात सगळं आयतं आहे."

"आयतं काय चाटायचंय? वेग बघा तुमचा!"

"भावजी, तुम्हाला तुमच्याच फ्रेमवर्कमधलं काही कळत नाही!"

"आणि तुमची लायकी नाही तुमचं वापरायची!"

सासऱ्यांचा गहिवर घशातच राहिला. बाई मात्र शांतपणे ऐकत होत्या.

"आधीच्या सगळ्या कंपन्यांत जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मालासाठी भांडणारी माणसं इथेच पाहिली. काम तुम्हालाच दिलं. आणि दोन्ही एवढी चांगली आहेत, तर दोन्ही वापरा."

"पण बाई, ती जोडायची म्हणजे..." मुलगा आणि जावई एका सुरात म्हणाले.

"जोडा की. आमचे सुतार लाकडाला लोखंड जोडतात, काही बोलत नाहीत." बाई उठल्या आणि जिन्याकडे वळल्या.

सासऱ्यांनी कपाळावरचा घाम पुसला. काम मिळालं होतं, कंपनी तरली होती. "जोडता येतील ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"येतील की. त्यासाठी तिसरं फ्रेमवर्क मिळतं," मुलगा म्हणाला. "मी एक हेरून ठेवलंय."

"कुठलं, ते जुनाट?" जावयाने बाह्या सरसावल्या. "मेहुणे, त्यापेक्षा माझ्याकडे एक आहे!"

"तुमच्याकडचं म्हणजे पुन्हा ट्रकच ना?"

"बाबा," मुलगी कुजबुजली, "आधी दार लावून घ्या. बाई अजून जिन्यातच आहेत."