चौसष्ट डब्यांची एकादशी

"नीट ऐका हं. उजवीकडचं पातेलं सोसायटीचं, डावीकडचं हडपसरचं. म्हणून दाखवा."

"उजवं सोसायटीचं, डावं हडपसरचं," अभय म्हणाला. "अगं, पोस्टात एकतीस वर्षं पत्रं वेगळी केलीत मी. दोन पातेल्यांत चुकेन?"

पूर्णिमाने तरी त्याच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. दोन्ही पातेल्यांत इडलिंबाची पातळ चटणी होती, दिसायला जुळ्या बहिणींसारखी. तेच तेल, तेच जिरं, तीच हिरवी मिरची. फरक एवढाच, की हडपसरच्या चटणीत पाऊण किलो लसूण ठेचून घातला होता आणि सोसायटीच्या चटणीत लसणाची पाकळी दुरूनही दाखवली नव्हती. कारण आज श्रावणातली एकादशी होती.

बिबवेवाडीतल्या या सोसायटीत क्यूबाचा स्वयंपाक आला तो भाड्याने. वरच्या मजल्यावर दोन वर्षं क्यूबाचा एक बॉक्सिंगचा कोच बायकोसह राहिला. बायकोचं नाव मारिसोल. तिला मराठी येत नव्हतं, पूर्णिमाला स्पॅनिश येत नव्हतं, त्यामुळे दोघींचं कधी भांडण झालं नाही. कंद सोलायचा कसा, कच्चं केळं एकदा तळून, ठेचून, पुन्हा तळायचं कसं, हे मारिसोलने हाताला धरून शिकवलं. ती मायदेशी गेली. इकडे लोक तयार शिवलेले ब्लाउज घेऊ लागले आणि पूर्णिमाचं शिलाई मशीन थंडावलं. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने डबे सुरू केले. झाकणावर चिठ्ठी लावली, 'पूर्णिमाचं क्यूबन स्वयंपाकघर'. रेशनकार्डानंतर तिचं नाव पहिल्यांदाच कुठे छापून आलं होतं. पहिली चिठ्ठी तिने देवघरात ठेवली होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

चेअरमन रावसाहेबांनी परवानगी दिली, पण आपल्या पद्धतीने. "तीन महिने प्रायोगिक. एक जरी लेखी तक्रार आली, तर परवानगी रद्द. वही वॉचमनच्या केबिनमध्ये टांगलेली आहे. पेनसुद्धा बांधून ठेवलंय."

पहिले दोन महिने रोजचे अकरा डबे जात. मग शेजारच्या नम्रताला साक्षात्कार झाला. "पूर्णिमाताई, हा कंद म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तोच ना? आणि रताळं, केळं... अहो, हे सगळं उपासालाच चालतं की!" रावसाहेबांनी पंचांग पाहिलं, समाधान झालं नाही, म्हणून लोणी काळभोरच्या आपल्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी एकच विचारलं, "कंद जमिनीखालचाच हाय न्हवं? मग देश कुठला का असंना."

निर्णय लागला आणि अकराचे चौसष्ट झाले. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण सोसायटीने मनावर घेतली. महिला मंडळाने मार्केट यार्डातून पोत्याने कंद आणले, द्वारकाआजींनी पहाटेपासून केळी सोलली, नम्रताने ऑर्डरी लिहून घेतल्या. शिवाय नम्रताच्या मुलाने, तेजसने, हडपसरच्या आपल्या ऑफिसातले तीस डबे मिळवून दिले. त्या मुलांना एकादशीशी कर्तव्य नव्हतं. त्यांना लसूण हवा होता, आणि भरपूर.

साडेबाराला सोसायटीतले डबे वाटून झाले. पूर्णिमा टेकली. सव्वाला तेजसचा फोन आला.

"काकू, जेवण मस्त. पण आज चटणी एकदम सात्त्विक लागतेय. लसूण विसरलात का?"

पूर्णिमाने टेबलाकडे पाहिलं. सकाळी सांगताना ती टेबलाच्या अलीकडे उभी होती आणि चटणी भरायला अभय पलीकडे. तिचं उजवं ते त्याचं डावं.

"अहो," ती म्हणाली. "अहो, तुम्ही चौसष्ट जणांचा उपास मोडलात."

अभयने रिकाम्या पातेल्यात बोट फिरवून चाखलं. "हो गं. लसूणच आहे," तो म्हणाला, आणि खात्री करायला पुन्हा बोट फिरवलं.

तिने सोसायटीचा ग्रुप उघडला. कुणाच्या कुंडीतलं पाणी कुणाच्या वाळवणावर पडलं तर ज्या ग्रुपवर चाळीस मेसेज येत, तो चिडीचूप होता. एक अंगठासुद्धा नाही. शिवीगाळ परवडली असती. ही शांतता म्हणजे सगळे वहीसाठी रांगेत उभे आहेत, दुसरं काय? चातुर्मासात तर रावसाहेब दुसऱ्या मजल्यावर लसणाचा वास येतो म्हणून जिना सोडून लिफ्टने जात. वही भरायच्या आत आपणच जाऊन सांगावं, पाय धरावेत, म्हणून ती चपला न घालताच निघाली.

नम्रताने दार उघडलं. मागे टेबलावर डबा होता, घासल्यासारखा स्वच्छ.

"नम्रता, एक घोटाळा झालाय. त्या चटणीत..."

"ताई, थांबा!" नम्रताने तिच्या तोंडावर हात ठेवला. "काही बोलू नका. अजाणता खाल्लं तर दोष नसतो. तुम्ही बोललात की ते जाणता होईल. आणि माझं अजून अर्धं केळं ताटात राहिलंय."

"अगं, पण तुला वास..."

"मला सर्दी आहे," नम्रता खणखणीत आवाजात म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

द्वारकाआजी आपल्या घरी खुर्चीत बसून बोटं चाटत होत्या. पूर्णिमाचा रडवेला चेहरा पाहून त्यांनी 'थांब' अशी खूण केली, कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं.

"हं. आता बोल, पोरी. मन मोकळं कर."

पूर्णिमाने सगळं सांगितलं. हात जोडले, डोळे पुसले. आजींनी शांतपणे ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "पाऊस काय, येईल संध्याकाळी. थोडी चटणी उरली असेल तर पाठवून दे."

मग ती रावसाहेबांच्या दारापाशी गेली. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. त्यांनी एक बडीशेपेचा दाणा तोंडात टाकला.

"रावसाहेब, मी आपली फार मोठी..."

"पूर्णिमाबाई." त्यांनी तळहात वर केला. "आपण जे सांगायला आला आहात, ते आज सांगण्यासारखं आहे की उद्या?"

"आजच सांगायला हवं हो."

"मग उद्या सांगा. उद्या द्वादशी. आज माझा एकेचाळीस वर्षांचा अखंड उपास चालू आहे, आणि तो चालू राहावा अशी माझी इच्छा आहे." दार लागलं.

द्वादशीला ती गेली, तर रावसाहेब लेकीकडे गेले होते. ते चार दिवसांनी परतले, तेव्हा "जुने विषय उकरू नयेत" म्हणाले. वही कोरीच राहिली. पण पूर्णिमाच्या मनाला काही स्वस्थता नव्हती. लोक गोड बोलून उशिरा टोला हाणतात, हे तिला माहीत होतं. ती पुण्यातच वाढली होती.

पंधरा दिवसांनी पुढची एकादशी आली. प्रायोगिक मुदतीचा तो शेवटचा आठवडा. या वेळी तिने लसूण घरातच येऊ दिला नाही. हडपसरची ऑर्डर नाकारली. मिक्सरचं भांडं चिंचेने घासलं. अभयला स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी केली. चौसष्ट डबे तिने एकटीने भरले, आणि प्रत्येक चटणी झाकण लावण्याआधी हुंगून पाहिली. शुद्ध, निर्मळ, गंगाजळासारखी. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती दुपारी तासभर झोपली.

पाच वाजता बेल वाजली. दारात रावसाहेब. हातात वही.

"लेखी तक्रार आहे," ते म्हणाले.

पूर्णिमाने दाराची चौकट धरली. तिला देवघरातली चिठ्ठी दिसू लागली, मग मशीन, मग लोकांचे उसवलेले ब्लाउज. तिने वही घेतली. रावसाहेबांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

'आजच्या एकादशीची चटणी मागील एकादशीप्रमाणे नव्हती. दर्जात झालेली ही घसरण सोसायटीला मान्य नाही. पुढील एकादशीपर्यंत सुधारणा झाल्यास परवानगी कायम करण्यात येईल, अन्यथा रद्द.'

"पण रावसाहेब, मागच्या वेळी त्यात चुकून..."

"पूर्णिमाबाई!" रावसाहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "घटक हा तुमचा प्रांत. चव हा सोसायटीचा. आम्ही तुमच्यात ढवळाढवळ करत नाही, तुम्ही आमच्यात करू नका." आणि ते जिन्याने उतरले.

तक्रारीखाली सह्या होत्या. नम्रताची होती. द्वारकाआजींची थरथरती होती, आणि पुरेशी ठसठशीत उठली नाही म्हणून त्यांनी ती शेजारी पुन्हा केली होती. पूर्णिमा बोट फिरवत खाली आली, आणि शेवटच्या सहीवर बोट थांबलं. ते वळण ती पंचवीस वर्षं ओळखत होती.

"अहो," तिने आत हाक मारली, "ही सही तुमची?"

आत पेपरची घडी वाजली.

"अगं, सगळी सोसायटी तुझ्या धंद्याच्या पाठीशी उभी आहे," अभय म्हणाला. "मी एकटा वेगळा कसा पडू?"